अपमान ग्रुपवर झाला, मग माफी पर्सनलवर का? वाकोल्यातून सगळ्या ग्रुप ॲडमिनना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी वाकोल्याची, सांताक्रूझ ईस्ट. जन्म इथलाच, शाळा इथलीच. हे पत्र आमच्या सोसायटीच्या ग्रुपच्या ॲडमिनना आहे पण त्यांच्या एकट्यांना नाही. पालकांचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, रोजच्या लोकलचा ग्रुप, ट्रेकवाल्यांचा ग्रुप, भाड्याच्या खोल्यांचा फेसबुक ग्रुप, जिथे जिथे कुणाच्या नावापुढे 'ॲडमिन' असं लिहून येतं त्या सगळ्यांना. नाव कुणाचंच घेत नाहीये, मला कुणा एकाची बदनामी करायची नाही, मला एक गोष्ट बदलून हवीय.

आधी काय झालं ते सांगते.

माझी वहिनी मिझोरामची, ऐझॉलची. दादाशी लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. नर्स आहे, आयसीयूत. मराठी ती वॉर्डात शिकली, पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांकडून, त्यामुळे 'दुखतंय का', 'उठू नका आजी', 'काही होणार नाही' ही वाक्यं तिला भाजीवाल्याशी बोलायच्या आधी यायला लागली. बोलते छान, लिहिताना ण आणि न मधे गडबड होते, ती तर आमच्याकडे निम्म्या लोकांची होते.

मे महिन्यात एका मंगळवारी आमच्याकडे पाणी आलं नाही. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेला होता हे नंतर कळलं. वहिनीला नाइटला निघायचं होतं, संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, तिने ग्रुपवर लिहिलं, "पानी कधी येनार? ड्युटी ला जायचे आहे". बस एवढंच. दोन मिनिटांत दुसऱ्या विंगमधल्या एका मुलाने, मुलगा म्हणजे तिशीतला, नोकरी करणारा, लिहिलं, "चायनावरून पाइपलाइन टाकतायत, थांबा जरा". त्याच्याखाली कुणीतरी नूडल्सचं स्टिकर टाकलं. मग तिसऱ्याने, "चिंकी भाभींना पहिलं द्या पाणी". मी नंतर मोजले, पहिल्या मेसेजवर सतरा जणांनी हसणारा इमोजी दाबला होता. इमोजीवर बोट ठेवलं की नावं दिसतात. त्यात तळमजल्यावरच्या काकूंचं नाव होतं, ज्यांच्या मिस्टरांना वहिनी महिनाभर ड्युटीवरून येता येता इन्सुलिन द्यायला थांबायची, कारण त्यांना स्वतःच्या हाताने सुई टोचवत नव्हती.

पाणी कधी येणार याचं उत्तर कुणीच दिलं नाही. प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने तोंड धुऊन ती ड्युटीला गेली.

मी तेव्हा ट्रेनमधे होते, दादर आणि माटुंगा रोडच्या मधे, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात फोन. मी ते सगळं वाचलं आणि काही लिहिलं नाही. घरी जाऊन बघू म्हणलं. हे मी लपवणार नाही. सतरा हसणारे होते आणि दीडशेच्या वर गप्प बसणारे, आणि तिचा मेसेज कुणी कुणी वाचला हे तिला दिसत होतं, त्यात माझं पण नाव होतं.

रात्री साडेनऊला ॲडमिन काकांचा मेसेज आला. "सर्व सभासदांना विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय मांडावेत. धन्यवाद." आता मला सांगा, पाणी हा सोसायटीचा विषय नाही का? विषय सोडून कोण बोललं? पण वाचणाऱ्याला वाटणार की काहीतरी दोन्हीकडून झालं असेल, ॲडमिनने दोघांना समज दिली. आणि मग वहिनीला पर्सनलवर, "वहिनी मनावर घेऊ नका, मुलगा स्वभावाने चांगला आहे, गंमत केली त्याने", खाली हात जोडलेले. काका वाईट नाहीत. वहिनीला त्यांनी नेहमी मान दिलाय, दादाच्या लग्नात पंगतीला वाढायला होते ते. म्हणूनच मी हे लिहितेय, वाईट माणसाला पत्र लिहून काय करणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. तिचा अपमान दोनशे लोकांसमोर झाला आणि सांत्वन बंद दाराआड झालं. त्या दोनशे लोकांना शेवटपर्यंत हेच माहीत की असं बोललेलं इथे चालतं. त्या मुलाला पण तेच माहीत. आणि वहिनीला कळलं की काकांना आपल्याविषयी वाईट वाटतं पण ते चारचौघांत म्हणण्याइतकं नाही.

तिने दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. काही न बोलता, आवाज न करता. २०२२ पासून ती सोय आहे, आपण ग्रुपमधून निघालो तर फक्त ॲडमिनला कळतं. तर तुम्हाला कळलं होतं काका.

लोक म्हणाले, बरं केलं, कशाला ती डोकेदुखी, व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे काय आयुष्य आहे का. तर ऐका. जूनमधे टाक्या धुतल्या, नोटीस ग्रुपवर आली, खाली बोर्डावर आता कुणी कागद लावतच नाही. वहिनी सकाळी आठला बारा तासांची नाइट करून आली आणि नळाला पाणी नाही, बादली भरलेली नाही, दादा टूरवर. गॅसवाला आला तो दिवस हुकला. लिफ्ट बंद राहणार ते कळलं नाही, चार मजले ती पिशव्या घेऊन चढली. ग्रुप हा आता टाइमपास राहिलेला नाही हो, सोसायटीचा कारभारच तिथे चालतो. तिथून माणसाला हुसकावलं की त्याला बिल्डिंगमधूनच अर्धं बाहेर काढल्यासारखं होतं, आणि मेंटेनन्स मात्र ती पूर्ण भरते.

आता 'गंमत' या शब्दाबद्दल.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आपण सगळे गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवत होतो, डॉक्टर आणि नर्सेससाठी. वहिनी तेव्हा हॉस्पिटलमधे होती. त्याच आठवड्यात आपल्याच ग्रुपवर एक मेसेज होता की 'चायनावाल्यांनी' लिफ्ट वापरू नये. बिल्डिंगमधे तसल्या चेहऱ्याची एकच बाई आणि एकच मुलगी. मार्च २०२० मधेच केंद्राच्या गृहखात्याला सगळ्या राज्यांना लिहावं लागलं होतं की नॉर्थ ईस्टच्या लोकांना कोरोनावरून त्रास देतायत, तो थांबवा. आणि पुढच्याच महिन्यात आपल्याच सांताक्रूझ ईस्टला मणिपूरच्या एका मुलीच्या अंगावर बाइकवरून जाणारा एक माणूस थुंकून गेला, पेपरात आलं होतं, तुम्ही पण वाचलं असेल. त्या दिवसापासून कित्येक महिने दादा तिला स्टॉपपर्यंत सोडायला जायचा. ग्रुपवरचं स्टिकर आणि रस्त्यावरचं थुंकणं एकच आहे असं मी म्हणत नाही. पण थुंकणाऱ्याला हिंमत कुठून येते, त्याला असं का वाटतं की आजूबाजूचे काही बोलणार नाहीत? आजूबाजूचे काही बोलत नाहीत हे तो रोज फोनवर बघत असतो.

आणि मेसेज म्हणजे नुसता मेसेज असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑगस्ट २०१२ आठवावा. तेव्हा एसएमएस फिरले की नॉर्थ ईस्टच्या लोकांवर हल्ले होणार आहेत. बंगळुरूमधून, पुण्यातून हजारो पोरं मिळेल त्या ट्रेनने गुवाहाटीला पळाली. वहिनीची मावसबहीण पुण्यात शिकत होती, ती एका सॅकमधे दोन ड्रेस आणि सर्टिफिकेटं घालून निघाली, परत आलीच नाही, शिक्षण तिथेच सुटलं. सरकारला शेवटी पंधरा दिवस बल्क एसएमएसवर बंदी घालावी लागली, एकावेळी पाचच जणांना पाठवा म्हणून. वहिनी तेव्हा बाळाला घेऊन आमच्या घरात बसून होती, आईने तिला आठ दिवस बाजारात जाऊ दिलं नाही. तेव्हापासून तिच्या कपाटात एक पिशवी असते, तिघांचे आधार, मुलीचा जन्मदाखला, थोडी कॅश. मी ती पिशवी बघितलीय. मुंबईत पंधरा वर्षं संसार केलेल्या बाईकडे अशी पिशवी असणं हे मला पचत नाही.

आपल्याला रेसिझम म्हणलं की अमेरिका आठवते. ते गोऱ्यांनी काळ्यांशी करायचं, आपण कुठे. पण वॉचमनचं खरं नाव न विचारता वर्षानुवर्षं 'बहादूर' कोण म्हणत होतं? मी पण म्हणायचे, लहानपणी, आणि आमच्या घरात मला कुणी टोकलं नाही. नालासोपारा, मीरा रोडला राहणाऱ्या आफ्रिकन मुलांना ट्रेनमधे काय काय म्हणतात ते मी कानांनी ऐकलंय, सगळ्यात वाईट म्हणजे मराठीत, त्यांना कळत नाही म्हणून.

आणि आपण मराठी माणसांनी तर हे कळायला जड जाऊ नये. 'घाटी' हा शब्द या शहरात आपल्याला कुणी प्रेमाने म्हणत नाही. २०२३ ला मुलुंडमधे एका मराठी बाईला ऑफिसची जागा नाकारली, 'महाराष्ट्रीयन नको' म्हणून, तो व्हिडिओ आपल्याच ग्रुपवर त्या दिवशी अकरा वेळा आला होता. काय काय लिहिलं होतं सगळ्यांनी! आपल्याच मुंबईत आपल्याला परकं करतात, हे सहन करायचं नाही, वगैरे. अगदी बरोबर लिहिलं होतं, माझंही रक्त तापलं होतं. त्या दिवशी 'त्या माणसाने गंमत केली असेल, मनावर घेऊ नका' असं एकानेही लिहिलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ॲपवाल्यांनी बघावं ना, आम्ही काय पोलीस आहोत का. ॲपवाल्यांचं असं आहे की व्हॉट्सॲपचे मेसेज एनक्रिप्टेड असतात, कंपनीला ते आपसूक वाचता येत नाहीत, कुणी रिपोर्ट केलं की त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज त्यांच्याकडे जातात, तेवढंच. आणि त्यांना ते पाच मेसेज दिसले तरी कळणार काय? "चायनावरून पाइपलाइन", नूडल्सचं स्टिकर, 'मोमो'. यातला एक तरी शब्द शिवी आहे का? मशीनला तो हॉटेलचा मेनू वाटेल. तो शब्द कुणाला उद्देशून, कुठल्या चेहऱ्याकडे बघून टाकलाय हे कळायला त्या ग्रुपमधला, त्या बिल्डिंगमधला माणूस लागतो. म्हणजे तुम्ही. हे दुसऱ्या कुणाला करताच येणार नाही, म्हणून तुमच्याकडे आलेय.

कायद्याचं पण बोलून घेते कारण काकांनी दादाला तेच सांगितलं, की ॲडमिनची जबाबदारी नसते, कोर्टाने सांगितलंय. खरंय. २०२१ ला मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं तर त्याचा सामील हेतू असल्याशिवाय ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. मला तो निकाल पटतो, कुणाच्या तरी मेसेजसाठी काकांना चौकीत बसवावं असं मला अजिबात वाटत नाही. पण त्या निकालात एक मुद्दा होता की ॲडमिनच्या हातात माणूस ॲड करणं आणि काढणं यापलीकडे फारसं काही नसतं. त्यानंतर २०२२ मधे ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय आली. म्हणजे आता हातात आहे. शिक्षा होणार नाही म्हणून काही करायचंच नाही, हे त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

आणि ज्याने लिहिलं त्याच्यासाठी मात्र कायदा तितका मऊ नाही, हे त्या मुलाच्या आईवडिलांनी पण वाचावं. २०१२ मधेच गृहखात्याने राज्यांना कळवलं होतं की 'चिंकी' म्हणून हिणवणं ॲट्रॉसिटीच्या कायद्यात बसू शकतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मिझो लोक अनुसूचित जमातीत येतात. जमातीचा दाखला त्यांच्या राज्यातला, इथे कसा चालेल, असं आम्हाला तोंडावर सांगण्यात आलं होतं, तर २०२३ ला मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलंय की या कायद्याचं संरक्षण माणूस देशात कुठेही गेला तरी त्याच्यासोबत असतं. वहिनीला केस करायची नाहीये. तिने स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, नंबर आणि वेळेसकट, पण तिला त्या मुलाची नोकरी घालवायची नाही, तसं ती स्वतः म्हणाली. मला राग येतो तिच्या या समजूतदारपणाचा. दर वेळी समजूतदार तीच का?

बाकी वेगळा कायदा करा म्हणून कधीपासून सांगून झालंय. जानेवारी २०१४ ला दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा कॉलेजातला पोरगा, त्याच्या केसांवरून दुकानात हसले, त्याने उलट विचारलं म्हणून मारलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बेझबरुआ समिती बसली, त्याच वर्षी जुलैमधे अहवाल आला, वंशावरून हिणवण्यासाठी दंड संहितेत वेगळी कलमं घाला अशी शिफारस होती. आता ती संहिताच बदलली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, वेगळं कलम काही आलं नाही. सुरुवात तिथेही हसण्यानेच झाली होती, एवढंच मला सांगायचंय.

माझी भाची तेरा वर्षांची आहे. ती ऑनलाइन गेम खेळते, हेडफोन लावून, डोंबिवली, नाशिक, कुठल्या कुठल्या पोरांबरोबर. तिचं मराठी ऐकाल तर अस्सल वाकोल्याचं, भांडते तर काय विचारता. सहा महिने त्या टीममधे ती सगळ्यांची लाडकी होती. मग एकदा तिने प्रोफाइलला स्वतःचा फोटो लावला. त्या रात्रीपासून 'मोमो', 'तू फेक आहेस', 'खरं सांग कुठून आवाज काढतेस'. तिचा आवाज त्यांना मराठी वाटत होता तोपर्यंत ती त्यांची होती, चेहरा दिसला आणि आवाज खोटा ठरला. तिने रिपोर्ट केलं, उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तिने फोटो काढून मांजराचा लावला. मग माझ्याकडे येऊन अगदी साधेपणाने विचारलं, "आत्या, फोटोच्या खाली माझं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं तर चालेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून दिलं नाहीये.

वहिनी आता एका वेगळ्या ग्रुपमधे असते. वाकोला, कलिना भागात राहणाऱ्या नॉर्थ ईस्टच्या बायकांचा, मिझो, नागा, मणिपुरी, खासी. मी त्यात नाही आणि मला घेऊ पण नये. तिथे कुठला घरमालक खोली देतो, कुठल्या गल्लीतून रात्री येऊ नये, टाटाला ट्रीटमेंटसाठी गावाहून कुणी आलंय त्यांच्यासोबत रांगेत कोण थांबेल, कुणाला चौकीत जायचंय तर बरोबर कोण, हे चालतं. ऐझॉलकडे कॅन्सरचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे, परळला माणसं सतत येत असतात, भाषा येत नसते, त्यांना स्टेशनवरून आणायला याच बायका जातात. कुणी काही बोललं तर तिथे लिहायचं, आणि कुणी 'गंमत' म्हणत नाही. वहिनी म्हणते तिथे मला खांदे खाली सोडता येतात.

यावर आमच्या बिल्डिंगमधलं एकजण म्हणालं, हे बघा, वेगळा ग्रुप काढला, यांनाच मिसळायचं नसतं. बाई, तुम्ही रोज लेडीज डब्याने जाता ना? १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, आपल्याला कधी कुणी विचारलं का की तुम्हाला पुरुषांत मिसळायचं नाही का? जनरल डब्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण लेडीजमधे चढतो. जनरल डब्यात नीट प्रवास करता यायला हवा हे ज्यांनी बघायचं ते तुम्ही, ॲडमिन.

तर मला काय हवंय ते सांगते. पुन्हा कुणी असं लिहिलं तर त्याच ग्रुपवर, त्याचं नाव घेऊन, दोन ओळी लिहा. "अमुक, हे चुकीचं आहे, इथे चालणार नाही, वहिनींची इथेच माफी मागा." एवढंच, भाषण नको. 'सर्व सभासदांना विनंती' नको, सर्व सभासदांनी लिहिलं नव्हतं. मेसेज डिलीट करा, पण आधी ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारा की स्क्रीनशॉट घेतलास का, नाहीतर पुरावा तुमच्याच हाताने जायचा. ऐकलं नाही तर थोडे दिवस काढा त्याला ग्रुपमधून, आभाळ कोसळत नाही. तिला पर्सनलवर मेसेज करायचाच असेल तर 'मनावर घेऊ नका' सोडून काहीही लिहा, 'मी ग्रुपवर लिहिलंय, बघा' असं लिहा. आणि पाणी, लिफ्ट, गॅस, टाकी याच्या नोटिसांचा वेगळा ग्रुप करा जिथे फक्त ॲडमिनला लिहिता येतं, सेटिंगमधे दोन मिनिटांचं काम आहे, पाहिजे तर मी येऊन करून देते. म्हणजे उद्या कुणाला गप्पांचा ग्रुप सोडावासा वाटला तरी त्याच्या घरी पाण्याची बादली भरलेली असेल.

आणि जे माझ्यासारखे ट्रेनमधे वाचून गप्प बसले, त्यांनी पण. "हे बरोबर नाही" टाइप करायला दादर ते माटुंगा रोड पुरतं.

काका, मे महिन्यातले ते तीन मेसेज अजून ग्रुपवर तसेच आहेत, वर स्क्रोल केलं की सापडतात. तुम्ही वहिनीला परत ॲड करायला मागच्या रविवारी दादाला विचारलंत. आत्ता करू नका. आधी तिथे लिहा, जिथे झालं तिथेच. तुम्ही लिहिलंत की मी फोन घेऊन चौथ्या मजल्यावर जाईन, तिला वाचून दाखवेन, मग यायचं की नाही ते ती ठरवेल.

तोपर्यंत शुक्रवारी सकाळी दहा ते दोन पाणी बंद आहे ही नोटीस मी तिच्या दाराला चिकटवून आलेय.

वाकोल्याची एक ननंद